घरात पिसवा आणि रांगतं बाळ: कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिसवांवरचे बहुतेक उपाय मोठ्या माणसांच्या घरासाठी सांगितलेले असतात. फवारा मारा, दार ओढून घ्या, संध्याकाळी या. रांगतं बाळ घरात असलं की हे चालत नाही. पिसवांची अंडी जमिनीवर पडतात, बाळाचा सगळा दिवस त्याच जमिनीवर जातो, आणि हाताला लागेल ते थेट तोंडात जातं. त्यामुळे इथे केर, कढत पाणी, साबण आणि जनावरांचा डॉक्टर यांना पहिला मान दिला आहे. विषारी औषधाचा नंबर शेवटचा.

या पिसवाच आहेत, ढेकूण किंवा डास नाहीत, हे कसं ओळखायचं?

मोठ्यांचे पाय बघा. पिसवा घोट्यापासून पोटरीपर्यंत चावतात, दोन-तीन चावे जवळजवळ, मध्ये बारीक लाल टिंब. ढेकूण रात्री अंथरुणात चावतो आणि गादीच्या शिवणीत काळे डाग ठेवून जातो. बाळ जमिनीवर लोळत असल्यामुळे त्याला मात्र पाठ, पोट, मांड्या, कुठेही चावे दिसू शकतात.

खात्री करायची सोपी रीत म्हणजे पांढरे पायमोजे नडगीपर्यंत चढवून पडवीत, माजघरात, पलंगाजवळ सावकाश फिरायचं. तपकिरी, बाजूंनी चपटे, तिळाहून जरा लहान किडे मोज्यावर चढले आणि पकडायला जाताच उडाले, तर पिसवा. घरात कुत्रा-मांजर असेल तर पाठीवरचे केस, शेपटीच्या बुडाशी, दाट दातांच्या फणीने विंचरा. निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. ती लालसर तपकिरी पसरली तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. माती असेल तर तसा रंग सुटत नाही.

मे महिन्यात घर बंद करून मुंबईला गेलो. गणपतीला दार उघडलं आणि पहिल्याच तासात पायावर पिसवाच पिसवा. बंद घरात, माणूस नाही, जनावर नाही, तर या आल्या कुठून?

त्या आल्या नाहीत, तिथेच होत्या. कोकणात हा अनुभव इतक्या घरांत येतो की कोणी करणी म्हणतं, कोणी शेजाऱ्यांना दोष देतं. कारण वेगळंच आहे.

पिसूची मादी जनावराच्या अंगावर बसून दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालू शकते. अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत, जनावर जिथे झोपतं तिथे गळून पडतात. दोन ते दहा-बारा दिवसांत त्यातून पांढरी बारीक अळी निघते. तिला उजेड नको असतो. ती लाद्यांच्या सांध्यात, चटईखाली, गोणपाटाखाली शिरते आणि मोठ्या पिसवांच्या वाळलेल्या विष्ठेवर जगते. मग ती चिकट रेशमी कोष विणते. त्या कोषावर धूळ, वाळू, केर चिकटतो, त्यामुळे समोर असूनही तो दिसत नाही.

सगळी गोम या कोषात आहे. आतली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येत नाही. बाहेर कोणी आहे याची खूण मिळेपर्यंत ती आठवडेच काय, महिनोन् महिने वाट बघते. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, या तिच्या खुणा. आषाढ-श्रावणात बंद घरात मांजर कौलांतून उतरून गेलं, पडवीत व्यालं, पोरं घेऊन निघून गेलं. मागे कोष राहिले. तुम्ही बॅगा आपटत आत आलात आणि सगळ्या एकदम जाग्या झाल्या.

त्यातून आपली हवा. पिसवांच्या अळीला साधारण ७५ टक्के आर्द्रता आणि पंचवीस-सत्तावीस अंश तापमान मानवतं. हवेत दमटपणा ५० टक्क्यांच्या खाली गेला की ती सुकून मरते. पावसाळ्यातलं कोकण म्हणजे तिच्यासाठी माहेरच.

गणपतीला बाळ घेऊन येणार असाल तर एक करा. घरातलं कोणी एक-दोन दिवस आधी येऊन दारं-खिडक्या उघडू दे, खोल्याखोल्यांतून भरपूर वावरू दे, झाडू-पुसू दे. जाग्या व्हायच्या त्या पिसवा तेव्हाच बऱ्याचशा बाहेर येतील. बाळ नंतर आणा.

मग नेमकं करायचं काय, आणि कुठून सुरुवात करायची?

जनावर, अंथरूण-पांघरूण आणि जमीन, तिन्ही एकाच दिवशी. कुत्र्याला आज औषध, गाद्या पुढच्या रविवारी, असं केलंत की एकातल्या पिसवा दुसऱ्यात जातात आणि महिनाभर राबूनही हाती काही लागत नाही.

सकाळी बाळाला शेजारी किंवा नातेवाइकांकडे पाठवा, तेवढाच त्या दिवसाचा त्रास. घरातली सगळी अंथरुणं, बाळाची दुपटी, झबली, झोळीचं कापड, पायपुसणी, सोफ्याची आणि उशांची खोळ उचला. उचलताना झटकू नका, गुंडाळून थेट बादलीत टाका, नाहीतर अंडी खोलीभर पसरतील. न्हाणीतल्या भाण्यातलं कढत पाणी आणि साधा धुण्याचा साबण पुरतो. ६० अंशांच्या पाण्यात अंडी, अळ्या, पिसवा सगळं मरतं. (भाणं आणि कढत पाण्याची बादली बाळापासून लांब ठेवा. पिसू चावून कोणाचं बाळ दवाखान्यात भरती होत नाही, भाजून होतं.)

मग जमीन. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम, कारण तो अंडी आणि बऱ्याच अळ्या ओढून घेतो आणि त्याच्या थरथरीने कोषातल्या पिसवा बाहेर येतात. पलंगाखाली, कपाटामागे, सोफ्याच्या खाचेत, पाळण्याच्या पायांशी, भिंतीच्या कडेने फिरवा. झाल्यावर त्यातला कचरा लगेच साबणाच्या पाण्यात बुडवा. तसाच ठेवलात तर यंत्रच पिसवांचं घर होईल. व्हॅक्यूम नसेल तर केरसुणीने हळू, जमिनीलगत केर काढा आणि केर सुपलीतून थेट साबणाच्या बादलीत टाका. साबणाच्या पाण्यात पिसू तरंगू शकत नाही, बुडून मरते. मागोमाग गरम पाण्याने पुसून घ्या आणि पंखा लावून जमीन खडखडीत वाळवा.

हे पहिले दोन आठवडे रोज, मग एक दिवसाआड. पुरत्या संपायला दीड-दोन महिने धरून चला. आठवड्याभरात चावे कमी होतात आणि तिथेच सगळे थांबतात. कोषातल्या मात्र अजून बाहेर यायच्या असतात.

घराची जमीन शेणाने सारवलेली आहे. पुसता तर येत नाही. काय करू?

उकरलेल्या, पोपडे आलेल्या जमिनीत अळ्यांना हवी तेवढी जागा मिळते. आधी भिंतीलगतच्या आणि उंबऱ्याजवळच्या भेगा कोरून केर काढा, माती भरून घट्ट बुजवा, चोपण्याने चोपा आणि मग सारवा. सारवण पूर्ण वाळेपर्यंत बाळाला त्या खोलीत सोडू नका. नंतरही बाळाला उघड्या जमिनीवर न ठेवता धुता येईल अशी प्लास्टिकची चटई अंथरा, आणि ती रोज उचलून खालून-वरून पुसा. काथ्याची चटई, जाजम, जुनं घोंगडं काही दिवस तरी गुंडाळून बाहेर काढलेलं बरं.

पावसात गाद्या, गोधड्या वाळतच नाहीत. ऊन कुठून आणू?

इस्त्री घ्या. धुतलेली गोधडी अर्धवट वाळली की शिवणीशिवणीतून कडक इस्त्री फिरवा. ती उष्णता अंड्या-अळ्यांना सोसत नाही आणि ओलही जाते. कापसाची जाड गादी धुता येत नसेल तर दोन्ही बाजू, शिवणी नीट झाडून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाळ नसलेल्या खोलीत ठेवा. पावसाने उघडीप दिली किंवा ऑक्टोबरचं ऊन पडलं की खळ्यात दिवसभर पालटून पालटून तापवा.

बाळाला कुठे झोपवायचं?

जमिनीपासून वर. पिसू उभी उडी मारते ती साधारण वीतभर. पाळण्याचा तळ जमिनीपासून दीड-दोन फुटांवर असेल आणि पाळण्यातून काहीही खाली लोंबत नसेल, तर ती आपली आपण तिथे पोचत नाही. ती जाते लोंबत्या साडीवरून, मांजराबरोबर किंवा आपल्याच कपड्यांवरून. म्हणून झोपवणाऱ्याने आधी आपले पाय आणि परकराचा, पायजम्याचा घेर बघावा.

आंब्याच्या बागेला मारायचं औषध शिल्लक आहे. थोडं पाण्यात घालून घरात फवारलं तर?

नाही. हे इतक्या स्पष्टपणे लिहायचं कारण की रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात तुडतुड्यांवरचं नाहीतर काजूवरच्या ढेकण्यावरचं औषध घराघरांत शिल्लक असतं, आणि ‘किडाच तर मारायचाय’ हा विचार डोक्यात येणं अगदी स्वाभाविक आहे. बागेतलं औषध ऊन, वारा, पाऊस लागून उतरतं. घरात ते लादीवर, चटईवर, भिंतीवर दीर्घकाळ राहतं. बाळ त्यावर हात टेकतं आणि हात चोखतं. त्याचं वजन सहा-सात किलो, मोठ्याला न जाणवणारी मात्रा त्याला पुरते.

भारतात कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. हिरवा असला तरी ‘घरगुती वापरासाठी’ असं लिहिलेलं नसेल तर घरात आणू नका. आणि शिल्लक औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच ओतून ठेवू नका.

भातावरच्या फिप्रोनिलचीही तीच गोष्ट. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या थेंबांत हेच नाव असतं, म्हणून शेतीचं औषध कुत्र्याला लावणारे भेटतात. त्याची तीव्रता आणि त्यातले बाकीचे घटक वेगळे असतात. कुत्रा आजारी पडेल आणि त्याला मिठी मारणारं बाळही.

डांबराच्या गोळ्या, कापूर, कडुनिंबाचं तेल? हे तर घरगुती आहे.

घरगुती आहे म्हणून निरुपद्रवी नाही.

डांबराच्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन बाळाला खरोखर धोक्याचं. काही मुलांत जन्मतः जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं आणि घरात कोणाला ते माहीत नसतं. अशा बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात, कावीळ चढते. नुसती गोळी गिळूनच नव्हे, ट्रंकेत गोळ्यांसोबत ठेवलेली दुपटी गुंडाळूनही हे झालेलं आहे, आणि अंगाला तेल लावलेलं असलं तर ते कातडीतून जास्त शोषलं जातं. म्हणजे पणजीची गोधडी ट्रंकेतून काढून, तेल-पाणी झालेल्या बाळाला थेट त्यात गुंडाळायचं, ही आपली रीतच इथे नडते. आधी धुवा, दोन-तीन दिवस वाऱ्यावर टाका.

कापराची छोटी वडी तोंडात गेली तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. कडुनिंबाचं तेल तान्ह्या बाळांना पाजल्याने किंवा पोटात गेल्याने झटके, बेशुद्धी झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. निलगिरीचं तेलही तसंच. बोरिक पावडर जमिनीवर पसरू नका, आणि मुंग्यांच्या खडूच्या रेघा रांगत्या बाळाच्या वाटेत ओढू नका. त्या खडूत कीटकनाशकच असतं आणि दिसायला तो पाटीवरच्या खडूसारखा.

निर्गुडीची धुरी? मीठ? प्लगला लावायचं आवाजाचं यंत्र?

धुरीने उडत्या किड्यांना थोडा त्रास होईल, कोषातल्या पिसूला काही होत नाही. बाळाच्या छातीला मात्र होतं. मीठ पसरायचा सल्ला कोरड्या प्रदेशातला आहे. आपल्याकडे मीठ रात्रीत पाणी सोडतं आणि जमीन उलट ओली राहते. यंत्राने पिसवा जात नाहीत, पैसे जातात. डासांच्या अगरबत्तीचाही यात उपयोग नाही.

उपयोगी पडते ती बशी. रात्री पसरट ताटलीत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब घालून वर छोटा विजेचा दिवा लावा. उजेड आणि उबेकडे उडणाऱ्या पिसवा त्यात पडतात. यानेही घर मोकळं होत नाही, पण कुठल्या खोलीत जास्त आहेत आणि कमी होताहेत की नाही, हे रोज सकाळी कळतं. बाळ उठायच्या आत ताटली आणि वायर उचला.

कुत्र्याला सोडून द्यावं का?

नको. गंमत अशी की औषध दिलेला कुत्रा घरात असणं फायद्याचं. जागी झालेली पिसू त्याच्या अंगावर जाते आणि मरते. कुत्रा हाकललात तर तिला उरता तुम्ही आणि बाळ.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन वजन करून घ्या, आणि घरात बाळ आहे हे आधी सांगा. तोंडावाटे द्यायच्या गोळ्या मिळाल्या तर बाळवाल्या घरात त्या सोयीच्या, कारण केसांवर काही राहत नाही. मानेवरचे थेंब दिलेत तर ते पूर्ण वाळेपर्यंत बाळाला जवळ जाऊ देऊ नका. औषधी पट्टा मात्र टाळा, तो चोवीस तास बाळाच्या हाताशी राहतो.

दवाखान्यात जाईपर्यंत साध्या साबणाने आंघोळ घाला. पहिला फेस मानेभोवती, नाहीतर सगळ्या पिसवा डोक्याकडे पळतात. फेस पाचेक मिनिटं ठेवा. आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना औषध नको, आंघोळ आणि फणीच. आणि गोठा विसरू नका. शेळ्या-करडांवरही पिसवा असतात, आणि गोठ्यातला पेंढा बदलल्याशिवाय घरातली साफसफाई टिकत नाही.

मांजर आमचं नाही. मासे साफ करायला बसलं की येतं आणि पडवीत झोपतं.

तर ते तुमचंच आहे, निदान पिसवांच्या हिशेबात. पडवीतलं गोणपाट, जुनी खुर्ची, त्याची झोपायची जागा कढत पाण्याने धुवा, माळ्यावर जायची वाट बंद करा. मासे दारात न कापता परसात कापा. जमलं तर त्यालाही डॉक्टरांकडून मांजराचं औषध मिळवा. कुत्र्याचं नको. कुत्र्याच्या काही औषधांतलं पर्मेथ्रिन कुत्र्याला चालतं, मांजर त्याने मरू शकतं.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचंच ठरलं तर?

तीन-चार आठवडे नीट साफसफाई करून, जनावरांना औषध देऊनही जोर कमी झाला नाही तर बोलवा. परवानाधारक आहे ना, औषधाचं नाव काय, डब्यावरचा त्रिकोण कुठला, हे विचारा. सांगायला कां-कूं करत असेल तर परत पाठवा. पायरिप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रिनसारखं, अळीची वाढच रोखणारं औषध आहे का विचारा. ते मोठी पिसू मारत नाही, पण पुढची पिढी तयार होऊ देत नाही, आणि माणसाला त्याचा धोका कमी.

धूर सोडून खोली भरून टाकणारे प्रकार नकोत. ते सगळीकडे बसतात आणि पलंगाखाली पोचत नाहीत. फवारा फक्त फटींत आणि कडांना. बाळ, गरोदर बाई, जनावरं आणि माशांची टाकी बाहेर. खेळणी, पाळणा, दुधाच्या बाटल्या आधीच हलवा. फवारा पूर्ण वाळून, दारं-खिडक्या उघडून घर मोकळं झाल्यावरच आत या, आणि बाळाची रांगायची जागा साबणाने पुसून वर धुतलेली चटई टाका. त्यानंतरही दोन-तीन आठवडे पिसवा दिसतील. कोषाच्या आत औषध जात नाही, म्हणून लगेच दुसरा फवारा मागू नका.

बाळाला चावल्या आहेत. काय लावू?

साबण-पाण्याने धुवा, थंड ओलं फडकं ठेवा, नखं कापा. खाजवून फोड फुटला की पू होतो, खरा त्रास त्याचाच. लोशन डॉक्टरांना विचारून. मोठ्यांचं खाजेचं औषध अर्धं करून पाजू नका. पिसू माणसाच्या अंगावर राहत नाही, चावून उडून जाते, त्यामुळे बाळाच्या डोक्याला उवांचं औषध लावायचं कारणच नाही.

चाव्याभोवती लाली पसरत असेल, पू दिसत असेल, बाळ मलूल किंवा फिकट पडलं असेल, तर डॉक्टरांकडे न्या. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर कारण काहीही असो, त्याच दिवशी.

बाळाने पिसूच गिळली तर?

सहसा काही होत नाही. क्वचित कुत्र्या-मांजरांचा एक पट्टकृमी असा पोटात जातो. बाळाच्या शीमध्ये किंवा लंगोटात तांदळाच्या दाण्यासारखे, कधी वळवळणारे पांढरे तुकडे दिसले तर एखादा डबीत घालून डॉक्टरांना दाखवा. औषधाने बरा होतो.

पिसवांनी प्लेग होतो म्हणतात. घाबरावं का?

१८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरला होता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत काम करून पिसूचा हा संबंध दाखवला. घरात आज दिसते ती बहुधा मांजराची पिसू, तीच कुत्र्यावरही असते. तिच्यामुळे प्लेगची धास्ती घ्यायचं कारण नाही. मात्र घरात बरेच उंदीर कारण नसताना मेलेले सापडले तर हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. पिसवांमुळे ताप येणारे दुसरे आजार आहेत, म्हणून चाव्यांनंतर ताप आला तर डॉक्टरांना पिसवांचं सांगा.

सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात २०१६ पासून दिसलेला माकडताप हा पिसवांचा नव्हे, रानातल्या गोचिडांचा. दोन्हींची गल्लत करू नका.

औषध किंवा डांबराची गोळी तोंडात गेली असं वाटतंय.

उलटी काढायचा प्रयत्न करू नका, मिठाचं पाणी पाजू नका. तोंडातलं उरलेलं बोटाने काढा, अंगावर सांडलं असेल तर कपडे उतरवून साबणाने धुवा. १०८ला फोन करा आणि डबा किंवा वेष्टन बरोबर घेऊन दवाखान्यात जा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. तुमच्या डॉक्टरांनाही तो द्या.

समुद्रावर बाळाला वाळूत बसवलं की बारीक किडे उडतात. त्या पिसवा का?

ओल्या वाळूत, लाटेने टाकलेल्या शेवाळाजवळ टणाटण उडतात ते कोळंबीच्या जातकुळीतले जीव. ते चावत नाहीत. सुरूच्या बनातली सावलीची कोरडी वाळू, जिथे दुपारी कुत्री खड्डा करून झोपतात, तिथे मात्र बाळाला बसवू नका. घराच्या बांधकामासाठी दारात टाकलेल्या रेतीच्या ढिगाचंही तेच. त्यावर ताडपत्री टाका आणि कडेने चिरे ठेवा.